लाखाला तीन जात न्हाय

शुक्रवार पेठेतल्या गौरम्माला पहिल्यांदा बघणारं माणूस हमखास फसायचं. आता आठवलं की हसू येतं, पण ही गोष्ट सांगणारीही त्या फसलेल्यांतलीच. गल्लीतल्या महादेवाच्या देवळात नंदीला टेकून ही बाई बसलेली असायची. मांडीवर बेलाची टोपली, कपाळावर विभूतीचे पट्टे, डोळे अर्धे मिटलेले. एकेक पान उचलायचं, तिन्ही पातींवरनं अंगठा फिरवायचा, प्रत्येक पातीला ओठ हलवायचे आणि पान ताटात ठेवायचं. बघणाऱ्याला वाटायचं, ही पातीगणिक शिव-शिव-शिव म्हणतेय. बायका जाता-येता तिच्या पाया पडायच्या. एकीनं तर आपल्या रडक्या पोराला तिच्या हाताची विभूती लावून घेतली होती.

मग एकदा जवळ बसायचा योग आला आणि कान लावला, तर पहिल्या पातीला ‘मिशाळ’, दुसऱ्या पातीला ‘चोमडी’ आणि तिसऱ्या पातीला ‘घुम्या’. पुढचं पान. मिशाळ, चोमडी, घुम्या.

मिशाळ म्हणजे तिचा थोरला दीर शिवप्पा. मिरची-गुळाचं दुकान, कानापर्यंत पोचलेल्या मिशा आणि आकडेमोडीचा भारी तोरा. चोमडी म्हणजे त्याची बायको अंबुबाई, म्हणजे गौरम्माची थोरली जाऊ. आणि घुम्या म्हणजे गौरम्माचा सख्खा नवरा, बसलिंगप्पा. या माणसानं लग्नात ‘हूं’ म्हटलं होतं, त्यानंतर बोलल्याचं कुणाला नीटसं आठवत नव्हतं.

भक्ती कसली, राग होता तो. एका पानात तिघांना झोडायचं आणि पान देवाला वाहायचं. आणि अशी लाख पानं.

लाख का, ते सांगते. गोऱ्या सरकारनं गावात लावलेला मार्शल लॉ उठला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. गौरम्माची एकुलती एक लेक मंगळवेढ्याला दिली होती. आईचा राग लेकीत उतरू नये म्हणून तिचं नाव ठेवलं होतं शांतव्वा, आणि पोरगी खरोखरच नावासारखी निघाली. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आणायची ठरली होती. पण दिवस भरायच्या आतच ती सासरी अडली. निरोप घेऊन आलेला माणूस भीमेच्या पुरातनं कसाबसा अलीकडं आला होता. म्हणाला, दोघांपैकी एक तरी वाचलं तर देवाची कृपा. आणि आता परत जायची सोय न्हाय, नाव बंद झालीय.

गौरम्मा रडली नाही. तिला रडायला यायचंच नाही, रागच यायचा. तशीच उठली, देवळात गेली आणि हात जोडायचे सोडून महादेवाला बोट दाखवून म्हणाली, “ऐक. माझी लेक आन् तिचं लेकरू, दोन्ही जित्ती ठेव. मी तुला लाख बेल वाहीन, माज्या हातानं मोजून. आन् लाख पुरं झाल्याबिगर त्यांचं तोंड बघणार न्हाय.”

पूर ओसरला तसा निरोप आला. दोघी सुखरूप, नात झालीय, रंग आजीवर गेलाय.

गौरम्मा उंबऱ्यावर बसली ती कपाळाला हात लावूनच. “लाख म्हणले ते म्हणले,” ती नवऱ्याला म्हणाली, “पर ते तोंड बघणार न्हायचं कशाला बोलले मी?”

“रागात बोललीस,” बसलिंगप्पा म्हणाला.

“मग तवाच माजं तोंड दाबायचं न्हवं तुमी. हूं म्हणून हुबा ऱ्हायला.”

तो परत ‘हूं’ म्हणाला. घुम्या हे नाव त्या दिवशी पडलं.

नवस ऐकून घरात सगळ्यांनाच पुळका आला. अंबुबाई म्हणाली, “गौरा, येकटी मोजत बसलीस तर नात न्हाती-धुती हुईल तरी लाख हुणार न्हाय. आपण तिघी जावा हाय की. तिघी वाटून घेऊ. घरच्या बायकांचे हात म्हंजी तुजेच हात.”

धाकटी जाऊ सुगलाबाई मान डोलावत होती. ती कुठल्याही गोष्टीला मान डोलावायची. गौरम्मालाही क्षणभर पटलं. तेवढ्यात ओसरीवरनं शिवप्पाचा आवाज आला. त्यानं वाटणी करून टाकली होती.

“तेहतीस हजार तीनशे तेहतीस पानं येकीच्या वाट्याला. आन् वर येक पान उरतंय. ते घरातला मोठा म्हणून मी वाहीन.”

गौरम्माच्या हातातली परात तिथंच राहिली. लाखाचं शेवटचं पान म्हणजे काय हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव पानं ही नुसती पानं असतात. शेवटचं एक पडतं तेव्हा त्यांची लाखोली होते, आणि ज्याच्या हातनं ते पडतं त्याचं नाव देवाकडं जातं. बाळंतपण तिच्या लेकीचं, बोट तिनं दाखवलेलं, आणि लाख पुरा करणार मिशाळ.

थोरल्या दिराशी तोंडावर बोलायची त्या घरात रीत नव्हती. गौरम्मा पदर पुढं ओढून जावेकडं वळली, पण आवाज मुद्दाम ओसरीपर्यंत जाईल एवढा. “अक्का, तुमच्या मालकांना इचारा, कळा त्यांच्या पोटात आल्या हुत्या काय?”

अंबुबाईनं ते काही विचारलं नाही. शिवप्पाच म्हणाला, “अंबू, तिला सांग, मी काय करू? लाखाला तीन जात न्हाय. येक उरणारच. ते कुणी तरी वाहायला पायजे.”

बिचाऱ्यानं त्या दिवशी स्वतःच्या तोंडानं हे सांगितलं. पुढं ते त्याच्याच गळ्यात येणार होतं.

गौरम्माला हे शिवप्पानं शिकवायची गरज नव्हती. तिच्या बापाचा अक्कलकोटकडं पानमळा होता. विड्याची पानं मोजता मोजताच ती लहानाची मोठी झालेली. बाप म्हणायचा, आकड्याला बी स्वभाव असतोय, सोयरीक करायच्या आधी बघावा. आकडे येकमेकांत मिळवावेत. बेरीज तीन, सहा, न्हायतर नऊ आली तरच त्यो तिघांत गुण्यानं नांदतो.

आणि लाखाची बेरीज काय? एकावर पाच पूज्य. गौरम्मा रात्रीच्या भाकरी थापताना नवऱ्याला ऐकवत होती, “येकटा येक, आन् म्होरं पाच पूज्य. पूज्य म्हंजी कायबी न्हाय. आपल्या घरातल्या पूज्य मंडळींगत. काम येकानं करायचं आन् बाकीच्यांनी नुस्तं मागं वळीनं बसून मोठेपणा आणायचा.”

“हूं,” बसलिंगप्पा म्हणाला.

“अर्धा करा लाख. पन्नास हजार. परत अर्धा, पंचवीस. असा पाच बार अर्धा हुतोय, आन् सव्वातीन हजाराच्या जरा अलीकडं येऊन अडून बसतो. म्होरं अर्धा हुत न्हाय. मग पाचानं तोडायचा, पाच बार. संपला. दोन आन् पाच सोडून तिसऱ्याला घरात घेत न्हाय त्यो. तीन आला की येक उरतंय. सातानं वाटला की पाच उरत्यात, म्हंजी वारावारीबी वाटून घेता येत न्हाय. असला आडमुठा आकडा मी कशापायी बोलले?”

“तुज्यासारकाच हाय,” बसलिंगप्पा म्हणाला. त्या वर्षातलं त्याचं ते सगळ्यात लांब बोलणं. परिणाम एवढाच झाला की त्या रात्री त्याला कांदा मिळाला नाही.

वाटणी मोडली. गौरम्मानं दोन्ही जावांना टोपलीला हात लावायला बंदी केली आणि एकटीनं मोजायला घेतलं. शेकडा झाला की एक चिंचोका तांब्याच्या घागरीत. चिंचोके हजार झाले की लाख. शंभर आणि हजार ही लाखाच्या घरातलीच माणसं, ती बरोबर बसतात.

पण शिवप्पाला गप्प बसवेना. शेवटचं पान गेलं ते गेलंच, निदान पहिल्यापासनं देखरेख तरी आपली हवी. बेल तुटका, किडका, दोन पातींचा चालत नाही. अखंड तीन पातींचं पानच देवाला. तेव्हा त्यानं देवळाच्या दारात ठाण मांडलं. दुकानातनं सुटला की हजर. गौरम्माचं मोजलेलं ताट आत जायच्या आधी तो पान न् पान उजेडात धरायचा. जरा कोपरा गेलेला दिसला की तोंड वळवून, “हे काड. दुसरं घाल.” गौरम्मा दात-ओठ खात दुसरं घालायची. त्याच्या त्या धरायच्या ऐटीनंच तिच्या अंगाची आग व्हायची. पातीपातीला शिव्या मोजायची सवय तिला तिथंच लागली.

एकदा देवळातल्या पुजारी अय्यांनी हसत विचारलं, “शिवप्पा, येवढी पानं, येकादं तुटकं जात असंल की नजर चुकवून.”

शिवप्पानं मिशीवर हात ठेवला. “अय्या, माज्या नजरेखालनं येक जरी तुटकं पान देवापर्यंत गेलं ना, तर ही मिशी उतरवून नंदीपुडं ठेवीन.”

दहा माणसांनी ऐकलं. नंदीनं ऐकलं. गौरम्मानं तर मनात गाठ मारून ठेवलं.

श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळी गेली, संक्रांत गेली. मंगळवेढ्याचे निरोप यायचे. नात पालथी पडायला लागली. बसायला लागली. तिला दात आला आणि तिनं पहिला चावा आपल्या काकाला घेतला. प्रत्येक निरोपाला गौरम्मा लोकांपुढं म्हणायची, “बरं हाय,” आणि त्या दिवशी मिशाळ-चोमडी-घुम्याचा आवाज जरा चढायचा. अंगडं शिवलं ते लहान झालं असणार म्हणून उसवलं आणि परत शिवलं. कुंची शिवली. ‘आज्जी’ म्हणायला शिकायच्या आत पोचलं पाहिजे, एवढाच एक हिशेब उरला होता.

माघातल्या एका सोमवारी हजारावा चिंचोका घागरीत पडला. शेवटचं पान शिवप्पानंच उजेडात धरलं, तिन्ही पाती पारखल्या आणि मान हलवली. गौरम्मानं ते वाहिलं. देवळात गर्दी जमलेली, आणि गर्दी बघून शिवप्पाला राहवेना. पायरीवर चढून तो म्हणाला, “मंडळी, नेमका लाख झालेला हाय. येक कमी न्हाय, येक जास्त न्हाय. मी सोता बघितलेलं हाय.” जशी काय लाखोली त्यानंच वाहिली. लोकांनी त्याच्याच पाया पडायला सुरुवात केली. गौरम्मानं तेही गिळलं. उद्या मंगळवेढ्याकडची मोटार होती.

दुसऱ्या दिवशी गैबीसाबचा टांगा दारात. मोटार नदीपर्यंत सोडणार, पलीकडं जावई गाडी घेऊन उभा राहणार, असं ठरलेलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कुंची टांग्यात गेली, कपड्यांचं गाठोडं तेवढं दारात राहिलं. गौरम्मा देवाला नमस्कार करायला म्हणून देवळात शिरली, तर शिवप्पा, अंबुबाई आणि खाली मान घालून बसलिंगप्पा तिथं आधीच उभे.

झालं होतं असं की रात्री अंबुबाईच्या लक्षात आलं, गौरम्मा गेली म्हणजे भाकरी आपल्याला थापायच्या. आणि पुढच्या पंधरवड्यात तिच्याच भावाकडची माणसं मुक्कामाला यायची होती. एवढ्या भाकरी थापायच्या म्हणजे हाताचे फोडच. तेव्हा रातोरात तिला एक गोष्ट आठवली होती.

“अय्या,” शिवप्पा घसा साफ करून म्हणाला, “लाख काय झालेला न्हाय. अंबूनं बघितलंय. ही पानं मोजत न्हवती, पाती मोजत हुती. पान हातात घ्यायची, पयल्या पातीला येक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. ओठ हलताना सगळ्या गल्लीनं बघितल्यात. म्हंजी येका पानाची तीन झाली. लाख पाती झाल्या असतील, पानं तिसरा हिस्सा बी न्हाईत. आजून दोन हिस्से ऱ्हायले.”

“माज्या डोळ्यानं बघितलं,” अंबुबाई म्हणाली.

“आन् नवस आर्धा टाकून गेली,” शिवप्पानं शेवटचा खिळा ठोकला, “तर ते लेकराला बाधंल. मग मला बोलायचं न्हाय.”

गौरम्मा मघापासनं तोंड उघडायच्या बेतात होती, पण या वाक्यानं तिचे पाय जागीच थिजले. लेकराला. दात आलेल्या, चावऱ्या, तिच्या रंगाच्या त्या लेकराला. आता गेली आणि उद्या साधी शिंक आली तरी सगळे तिच्याकडं बोट दाखवणार. आणि खरं सांगायचं तर तीही स्वतःकडंच दाखवणार. बाहेर गैबीसाबनं हाक मारली, “अक्का, मोटार थांबनार न्हाय की.” बसलिंगप्पानं बाहेर बघितलं, भावाकडं बघितलं आणि परत आपल्या पायांकडं बघितलं.

मग तळपायाची आग मस्तकाला जाऊन भिडली आणि पाय सुटले. ती तरातरा नंदीपाशी गेली, पदर सावरला आणि नंदीच्या कानाला तोंड लावलं. नंदीच्या कानात सांगायचं ते हळू सांगतात. हिचा आवाज पार टांग्याच्या घोड्यापर्यंत गेला.

“नंदी, माज्या थोरल्या दिरांना इचार, शेकड्याला तीन जातंय का?”

शिवप्पा गोंधळला. “काय?”

“तेहतीस पानांच्या नव्याण्णव पाती. शंभरावी पाती कुटनं आणायची? चौतिसावं पान फाडूनच की. मी पाती मोजल्या असत्या तर दर चिंचोक्याला येक पान फाडायला लागलं असतं. आन् पान न् पान उजेडात धरून आत कोण सोडत हुतं? त्यांना इचार, फाटकं पान दिसलं हुतं का?”

गर्दी जमायला लागली होती. शिवप्पा आकडेमोडीतला माणूस, तो काय असा एका फटक्यात पडतोय? त्यानं बोटं चाळवली आणि त्याचा चेहरा उजळला. “अय्या, तिला सांगा, पान फाडायचं कारणच न्हाय. उरलेल्या दोन पाती म्होरच्या शेकड्यात धरायच्या. चालतंय.”

“धरा,” गौरम्मा नंदीला म्हणाली. “म्होरच्यात धरा, त्याच्या म्होरच्यात धरा. शेवटाला काय करायचं? लाखाला तीन जात न्हाय. आमच्या घरात वाटणी झाली तवा हे कोण म्हणालं हुतं, इचार. येक उरतंय म्हणून हात पुडं कुणी केला हुता, तेबी इचार. पाती मोजल्या तर नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव हुतील, न्हायतर लाखावर दोन हुतील. नेमका लाख हुणारच न्हाय. आन् काल ह्या पायरीवर उबं ऱ्हाऊन नेमका लाख, येक कमी न्हाय, येक जास्त न्हाय, हे कोण वरडत हुतं? सोता बघितलं म्हणून पाया पडून घेतलं कुणी?”

कुणीतरी मागं खुदकन हसलं. कालच पाया पडलेला म्हातारा होता तो.

“मग शेवटचं पान…” शिवप्पा म्हणू लागला.

“बोला की. शेवटचं पान तुटकं हुतं म्हणा. येक पाती असलेलं. तुमीच उजेडात धरलं हुतं.” रागाच्या भरात ती नंदीला सोडून थेट दिराकडं वळली होती, पदर मात्र तसाच पुढं होता. “तुटकं हुतं तर मिशी द्या. न्हायतर वाट द्या.”

देवळात सगळे शिवप्पाच्या मिशीकडं बघायला लागले. त्यानं नकळत ती हातानं झाकली.

अंबुबाईनं शेवटचा जोर लावला. “पर मग ओठ का हलत हुते? येक-दोन-तीन न्हाय तर काय म्हणत हुती ही?”

आता मात्र गौरम्मानं पदर आणखी पुढं ओढला. अय्यांनी गाभाऱ्यातनं डोकं बाहेर काढलं. ते श्रावणापासनं हाताच्या अंतरावर बसत होते आणि त्यांचे कान तिखट होते. “येक-दोन-तीन न्हवती म्हणत ती,” ते म्हणाले. “मी रोज ऐकलंय. तीन नावं घेत हुती.”

“देवाची?” अंबुबाईनं विचारलं.

“तिच्या पूज्य माणसांची,” अय्या म्हणाले आणि परत आत गेले.

बसलिंगप्पाला खोकल्याची उबळ आली. खोकता खोकता तो बाहेर गेला आणि बायकोचं राहिलेलं गाठोडं स्वतः टांग्यात ठेवून आला. परवानगी म्हणा, काही म्हणा, त्याच्याकडनं एवढंच यायचं.

गौरम्मा टांग्यात बसली. गैबीसाबनं लगाम उचलला, तेवढ्यात शिवप्पा देवळाच्या पायरीवर आलाच. मिशी वाचली होती, पण मान गेला होता, आणि तो असा रस्त्यात टाकून जायला त्याचं मन होईना.

“लाख झाला म्हणा,” तो गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, “पर नुस्ता लाख वाहत न्हाईत. शकुनाचं वर येक पान लागतंय. लाखावर येक. ते वाहिलंच न्हाय कुणी.”

गौरम्मानं गैबीसाबला हातानं थांबवलं. आता पुढ्यात नंदी नव्हता, घोडा होता. ती घोड्याला म्हणाली, “त्यांना सांग, वरचं येक पान त्यांचंच. पूर वसरला तवापास्नं मागत हुते, आज दिलं. वाहू द्या म्हणावं. तिन्ही पाती बघून घ्या म्हणावं.”

“आन् मग येक लाख येक झाला की…” शिवप्पानं बोट वर केलं.

“येक लाख येकालाबी तीन जात न्हाय,” गौरम्मा म्हणाली. “हाण रं गैबीसाब.”

टांगा वळला. शिवप्पा पायरीवर उभा राहून बोटांवर आकडे मिळवत होता. एक, मग चार पूज्य, मग एक.

“दोन,” अंबुबाई हळूच म्हणाली. “न्हाय जात वो.”